पोर्ट रॉयल वाळूवर का वसवलं, आणि ते नेमकं कसं बुडालं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे, त्याचं जहाज जमैकातल्या किंग्स्टनला लागणार आहे. त्या निमित्ताने तुम्ही पोर्ट रॉयलवरचा एक व्हिडिओ पाहिलात. चाचे, दारू आणि जुगार यांनी माजलेलं ते शहर १६९२ मध्ये देवाच्या कोपाने क्षणात समुद्रात गडप झालं, असं त्यात सांगितलं होतं. हे कितपत खरं, आणि इंग्रजांसारख्या दर्यावर्दी लोकांनी एवढं श्रीमंत शहर वाळूवर बांधलंच कसं, त्यांना कळत नव्हतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी जमीन तपासणारा इंजिनिअर आहे. तीस वर्षांहून जास्त काळ बंदरांचे धक्के, खाडीकाठच्या तेलाच्या टाक्या, भरावावरची गोदामं यांच्या पायाखाली काय आहे ते पाहून सांगणं हे माझं काम. आमच्या विषयात पोर्ट रॉयलचं नाव वारंवार निघतं, म्हणून त्याचा इतिहासही मी आवडीने वाचत आलो. तुमच्या प्रश्नांपैकी "त्यांना कळत नव्हतं का" हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माझं उत्तर असं आहे की त्यांना बरंच कळत होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी ती जागा निवडली, तीच गोष्ट त्यांना घेऊन बुडाली.

आधी नकाशा उघडा. किंग्स्टन बंदर आणि खुला समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक लांबलचक दांडा आडवा पडलेला दिसेल. कोकणात खाड्यांच्या तोंडाशी असे दांडे आपण पाहतो, हा त्यांच्या मानाने फारच मोठा. त्याचं नाव पॅलिसाडोज. पूर्वेकडे तो जमिनीला जोडलेला आहे आणि पश्चिमेच्या टोकावर पोर्ट रॉयल. इथे मुळात प्रवाळाची लहान लहान बेटं होती. समुद्राच्या प्रवाहाने वाहून आणलेल्या वाळूने ती एकमेकांना जोडली गेली. आता महत्त्वाची गोष्ट: या टोकाच्या आतल्या, म्हणजे बंदराकडच्या बाजूला पाणी काठापासूनच एकदम खोल होतं. मोठं गलबत थेट काठाला लावता यायचं. तराफे नकोत, छोट्या होड्यांतून माल उतरवणं नको.

स्पॅनिश लोकांना ही जागा ठाऊक होती. कोलंबस १४९४ मध्ये जमैकाला आला, पुढे १५३४ मध्ये स्पॅनिशांनी आपली राजधानी विला दे ला वेगा इथे, समुद्रापासून आत, नदीकाठी वसवली. आज तिला स्पॅनिश टाउन म्हणतात. वाळूच्या टोकाचा उपयोग त्यांनी एवढाच केला की गलबत काठाला आणून एका कुशीवर कलतं करायचं, तळाला चिकटलेले शंख-शिंपले आणि शेवाळ खरवडायचं, डांबर लावायचं आणि निघायचं. जागेचं त्यांनी दिलेलं नावही याच कामावरून पडलं होतं. घरं बांधताना ते ती बुटकी ठेवत आणि लाकडी खांब जमिनीत खोल पुरत. भूकंपाच्या प्रदेशात राहून आलेलं शहाणपण होतं ते.

इंग्रज आले १६५५ मध्ये. इंग्लंडात तेव्हा राजा नव्हता, क्रॉमवेलची सत्ता होती. त्याने पाठवलेल्या आरमाराला खरं तर शेजारच्या बेटावरचं सान्तो दोमिंगो हे स्पॅनिश शहर जिंकायचं होतं. तिथे मार खाल्ल्यावर पेन आणि व्हेनेबल्स हे दोन सेनानी जमैकाकडे वळले, कारण तिथे बंदोबस्त कमजोर होता. हातात आलेलं बेट स्पेन परत घेणार ही भीती पहिल्या दिवसापासून होती. म्हणून बंदराच्या तोंडावर, याच टोकावर, किल्ला बांधायला घेतला. आधी त्याचं नाव फोर्ट क्रॉमवेल. १६६० मध्ये इंग्लंडात राजा परत आला, तेव्हा त्याचा फोर्ट चार्ल्स झाला आणि भोवतालच्या वस्तीला पोर्ट रॉयल हे नाव मिळालं. (हा तोच दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली. दोन्ही बंदरं एकाच दशकात त्याच्या छत्राखाली आली.)

किल्ल्याला तोफा मिळाल्या, पण समुद्रावर लढायला पुरेशी जहाजं नव्हती. म्हणून गव्हर्नरांनी तोर्तुगा बेटाकडच्या लुटारूंना बोलावून घेतलं. तुम्ही स्पॅनिश जहाजं लुटा, आम्ही परवाना देतो, लूट आमच्या बंदरात विका, असा तो सौदा होता. व्हिडिओतले चाचे ते हेच. हेन्री मॉर्गन यांच्यातला सर्वांत नावाजलेला. त्याने एकामागून एक स्पॅनिश शहरं लुटली: १६६८ मध्ये पोर्तोबेलो, १६६९ मध्ये माराकाइबो, १६७१ मध्ये पनामा. पनामावर हल्ला झाला तेव्हा इंग्लंड आणि स्पेन यांच्यात १६७० चा माद्रिद तह होऊन गेला होता, त्यामुळे मॉर्गनला पकडून लंडनला नेलं. तिथे शिक्षेऐवजी त्याला सरदारकी मिळाली आणि तो जमैकाचा उपगव्हर्नर होऊन परत आला. त्याच तहात स्पेनने जमैका इंग्रजांचं हे मान्य केलं होतं. म्हणजे लुटारू पाळण्याचं मूळ कारणच तिथे संपलं.

इथे व्हिडिओची गोष्ट पहिल्यांदा सैल पडते. १६९२ चं पोर्ट रॉयल मुख्यतः व्यापाऱ्यांचं शहर होतं. मॉर्गन १६८८ मध्ये मरून पॅलिसाडोजच्या वाळूत पुरला गेला होता, आणि सरकार चाच्यांना फासावर चढवू लागलं होतं. पैसा येत होता तो साखरेतून, स्पॅनिश वसाहतींशी चालणाऱ्या चोरट्या व्यापारातून आणि आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांच्या विक्रीतून. हे शेवटचं सोडून पोर्ट रॉयलच्या वैभवाचं वर्णन करणं मला चुकीचं वाटतं. त्या धक्क्यांवर उतरलेला सगळ्यात मौल्यवान "माल" माणसं होती. शहरात अँग्लिकन आणि क्वेकर अशा वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती होते, ज्यू व्यापारी होते, सुतार, सोनार, चांभार, खाटीक होते, आणि या सगळ्यांच्या घरी राबणारे गुलाम होते.

आकडे पाहा म्हणजे दाटी लक्षात येईल. सुमारे ६,५०० माणसं, २,००० च्या आसपास इमारती, आणि जागा जेमतेम ५१ एकर. दादरच्या शिवाजी पार्कच्या मैदानाची दुप्पटही भरत नाही. गोड्या पाण्याचा थेंब नाही, पिण्याचं पाणी रिओ कोब्रे नदीवरून होड्यांतून आणायचं. पाणी विकत घेऊन लोक राहत होते, कारण जहाज दारात लागत होतं. जागा पुरेना तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, इंग्लंडसारखी विटांची दोन-तीन मजली जड घरं बांधली. दुसरी, बंदराच्या बाजूला पाण्यात लाकडी खुंट ठोकले, त्यांच्या मागे वाळू आणि दगडगोटे ओतले, आणि त्या भरावावर धक्के आणि गोदामं उभारली. सगळ्यात महाग जागा तीच.

आता माझ्या विषयाकडे येतो. घरी तांदूळ डब्यात भरताना डबा काठोकाठ भरला की आपण तो जमिनीवर दोन-चारदा आपटतो आणि तांदूळ खाली बसतो. दाण्यांमध्ये पोकळी होती, ती हादऱ्याने कमी झाली. आता समजा त्या पोकळीत हवेऐवजी पाणी आहे. दाणे जवळ यायला बघतात, पण पाणी दाबलं जात नाही आणि त्या काही सेकंदांत त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग वरचं ओझं दाण्यांवरून पाण्यावर जातं. दाणे एकमेकांना धरत नाहीत, पाण्यात तरंगू लागतात. ज्या जमिनीवर तुम्ही उभे होता ती तेवढा वेळ जमीन राहत नाही, घट्ट पेजेसारखी होते. याला आम्ही द्रवीभवन म्हणतो, साइटवर सगळे लिक्विफॅक्शनच म्हणतात. हादरा थांबला की पाणी कारंज्यासारखं वर फुटतं, वाळू खाली बसते आणि आत जे सापडलं असेल त्याला घट्ट आवळते.

२००१ च्या भूजच्या भूकंपानंतर मी कांडल्याला गेलो होतो. जमिनीतून उसळलेल्या वाळूचे छोटे छोटे ढिगारे ठिकठिकाणी होते, जणू खालून कोणी पिचकाऱ्या मारल्या असाव्यात. बंदराच्या कार्यालयाचा मनोरा पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल ठोकलेल्या खांबांच्या, पायावर असूनही कलला होता, कारण खालची ओली जमीन पाण्याच्या दिशेने सरकली होती. तिथे उभं राहिल्यावर मला पोर्ट रॉयलच्या हकिकती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळल्या.

त्या हकिकती अशा. ७ जून १६९२, दुपार व्हायच्या आधी. (ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची, आजच्या हिशेबाने १७ जून.) तीन धक्के बसले, शेवटचा सगळ्यात मोठा. शहराचे धर्मगुरू इमॅन्युएल हीथ त्या वेळी एका अधिकाऱ्याकडे बसले होते. त्यांनी पुढे पत्रांतून सगळं लिहून ठेवलं. प्रत्यक्षदर्शींनी लिहिलं की वाळू समुद्राच्या लाटांसारखी उठत आणि बसत होती. भेगा उघडत आणि मिटत होत्या. माणसं कंबरेपर्यंत, गळ्यापर्यंत आत गेली आणि जमीन त्यांच्याभोवती मिटली. कुठे पाणी जोरात वर उसळलं आणि माणसं त्याबरोबर बाहेर फेकली गेली. १६९२ मध्ये हे वाचणाऱ्याला देवाचा कोपच आठवणार. मला मात्र त्यात प्रत्येक वाक्यागणिक पाण्याने भरलेली सैल वाळू दिसते. लुई गाल्डी नावाचा एक फ्रेंच व्यापारी असाच गिळला गेला, पुढच्या धक्क्याने समुद्रात उडाला आणि होडीने उचलेपर्यंत पोहत राहिला. तो त्यानंतर ४७ वर्षं जगला. त्याच्या थडग्यावर ही हकिकत कोरलेली आहे.

बंदरात दुरुस्तीसाठी आडवी केलेली स्वान नावाची युद्धनौका लाटेने उचलून घरांच्या छपरांवर नेली, आणि काही लोकांनी तिला धरून जीव वाचवला. साधारण २,००० माणसं त्या काही मिनिटांत गेली. पुढच्या आठवड्यांत रोगराईने आणखी जवळपास तितकीच, कारण वाचलेले समोरच्या किनाऱ्यावर झोपड्यांत, घाण पाणी आणि डासांमध्ये राहत होते.

"अख्खं शहर गडप झालं का?" याचं उत्तर तुम्ही शहराच्या कुठल्या भागात उभे होता त्यावर अवलंबून आहे. सुमारे ३३ एकर, म्हणजे दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. फोर्ट चार्ल्सच्या बाजूचा भाग राहिला, कारण तिथे खाली कठीण चुनखडक आहे. धक्क्यांची बाजू उतारावरून बंदरात घसरली. थोड्या आतल्या भागातली काही घरं मात्र सरळ खाली बसली, इतकी सरळ की पाण्याखाली उत्खनन करणाऱ्यांना विटांच्या फरश्या जागच्या जागी सापडल्या. एकाच शहरात तीन वेगळ्या गोष्टी घडल्या, तेव्हा "बुडालं" हा एकच शब्द पुरत नाही.

आणि हे उतारावरून घसरणं म्हणजेच माझ्या उत्तराचा गाभा. काठाला पाणी खोल आहे याचा दुसरा अर्थ काय? पाण्याखाली वाळूचा उतार तीव्र आहे आणि समोरून त्याला टेकू देणारं काही नाही. स्थिर असेपर्यंत तो कितीही वर्षं उभा राहील. हादऱ्याने त्याची पेज झाली की तो खोलाकडे वाहणार, आणि डोक्यावरचं सगळं घेऊन जाणार. गलबत थेट दारात लागावं म्हणून जी जागा निवडली, ती गलबत दारात लागू शकतं याच कारणाने धोक्याची होती. त्यात पाण्यात ओतलेला भराव. पाण्यातून खाली पडत बसलेली वाळू फार सैल असते. तिच्यावर विटांची जड घरं. स्पॅनिशांची बुटकी, खांबांची घरं पुढे ठेवली तर फरक कोणालाही दिसेल.

मी हे माझ्या कामातही पाहिलं आहे. खाडीकाठच्या एका जुन्या धक्क्यामागे गोदाम वाढवायचं होतं. मालकांचं म्हणणं, चाळीस वर्षं धक्का उभा आहे, ट्रक ये-जा करतात, कडेला बोअर घेऊन (जमीन तपासायला खोल भोक पाडून) खर्च कशाला. मी अडून बसलो. बोअरमध्ये साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून सोडतात आणि नळी वाळूत ३० सेंटीमीटर जायला किती ठोके लागतात ते मोजतात. घट्ट वाळूत तीस-चाळीस ठोके लागतात. इथे सात मीटर खोलीवर पाच लागले. वरून सगळं भक्कम दिसत होतं. शेवटी दगडी स्तंभ घालून ती जमीन आधी घट्ट केली, मग बांधकाम. चाळीस वर्षं काही झालं नाही याचा अर्थ चाळीस वर्षांत मोठा भूकंप झाला नाही, एवढाच. पोर्ट रॉयल उभं राहून १६९२ मध्ये अवघी ३७ वर्षं झाली होती. छोटे धक्के येऊन गेले होते, १६८८ मध्येही एक आला. हान्स स्लोन हा डॉक्टर तेव्हा जमैकात होता. त्यानेच नंतर १६९२ च्या हकिकती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणल्या. १६९२ आधीच्या त्या छोट्या धक्क्यांत घरं टिकली, आणि टिकली म्हणूनच लोकांचा विश्वास वाढला. त्यांना मूर्ख म्हणायला मी धजावत नाही. जमिनीच्या बाबतीत माणूस अनुभवावरून अंदाज बांधतो, आणि त्यांचा अनुभव तोकडा होता.

पापाच्या शिक्षेबद्दल. भूकंपाने सगळं बेट हललं. आतल्या स्पॅनिश टाउनमध्ये बरीच घरं पडली, पूर्वेकडे एक डोंगरकडा कोसळला. पोर्ट रॉयलमध्ये जुगारी मेले, प्रार्थना करणारे मेले, आणि ज्यांना तिथे साखळदंडात आणलं होतं तेही मेले. त्यांचं पाप कोणतं होतं? उलट गाल्डी वाचला, पुढे गुलामांचा व्यापार करून श्रीमंत झाला आणि विधिमंडळात बसला. माणसांच्या पापपुण्याचा आणि वाळूच्या घट्टपणाचा काही संबंध नाही, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. अशी गोष्ट ऐकली की मेलेल्यांवर दोष जातो आणि जमीन कोणी तपासत नाही.

किंग्स्टन याच संकटातून जन्मलं. वाचलेल्यांसाठी समोरच्या किनाऱ्यावर, डुकरं पाळायच्या जागेवर, त्याच वर्षी नवं शहर आखलं गेलं. जॉन गॉफने काटकोनात रस्ते आखून मध्ये चौक सोडला. पण लोक तिथे टिकेनात. बरेच जण पोर्ट रॉयलच्या उरलेल्या तुकड्यावर परत गेले, त्याच खोल पाण्याच्या ओढीने. १७०३ च्या आगीत तो भाग जळाला तेव्हा कुठे व्यापार किंग्स्टनला स्थिरावला. १७२२ च्या वादळाने पोर्ट रॉयल पुन्हा झोडपलं. त्यानंतर ते मुख्यतः ब्रिटिश आरमाराचा तळ म्हणून राहिलं. आरमारी गोदी १९०५ मध्ये बंद झाली. किंग्स्टन १८७२ मध्ये जमैकाची राजधानी झाली. पण तीही त्याच भूकंपपट्ट्यात आहे. १४ जानेवारी १९०७ च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत किंग्स्टनमध्ये हजाराच्या आसपास माणसं गेली. २०१० ला हैतीत जो भूकंप झाला, तो याच पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात.

पुतण्याने काय पाहावं, हेही तुम्ही विचारलंत. बुडालेलं शहर पाण्यात उतरून पाहण्याच्या नादी लागू नये. परवानगीशिवाय तिथे डुबकी मारता येत नाही, आणि बंदराचं पाणी गढूळ आहे. तिथून वर आलेल्या वस्तूंमध्ये एक खिशातलं घड्याळ आहे, १९५९ च्या मोहिमेत सापडलेलं. क्ष-किरणांत त्याचे काटे ११ वाजून ४३ मिनिटांवर थांबलेले दिसले. पुढे १९८० च्या दशकात टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी दहा वर्षं शांतपणे काम करून घरं, भांडी, चिलमी यांची नोंद केली. जुलै २०२५ मध्ये या जागेला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पॅरिसच्या त्याच बैठकीत आपल्या मराठा किल्ल्यांनाही मिळाला, त्यात सिंधुदुर्गसारखा खडकावर उभा असलेला जलदुर्ग आहे. एकाच यादीत, एकाच वर्षी, खडकावरचा किल्ला आणि वाळूवरचं शहर, हे वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो होतो.

जमिनीवर त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. फोर्ट चार्ल्स. सेंट पीटर्स चर्चच्या आवारातलं गाल्डीचं थडगं. आणि गिडी हाउस. ही १८८० च्या दशकातली तोफखान्याची छोटी कोठी १९०७ च्या भूकंपात वाळूत एका बाजूला रुतली आणि तशीच तिरकी उभी आहे. आत पाऊल टाकलं की तोल जातो. वाळू रुतते म्हणजे काय, ते त्याला पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

एक गोष्ट मात्र जहाजावरूनच पाहण्यासारखी आहे. बंदरात शिरताना जहाज पोर्ट रॉयलच्या टोकाला अगदी जवळून वळसा घालतं, टोक उजव्या हाताला राहतं. त्या वेळी ड्यूटी नसेल तर त्याने ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, परवानगी घेऊन खोली दाखवणाऱ्या यंत्राकडे लक्ष ठेवावं. किनारा हाकेच्या अंतरावर असतानाही खाली मोठ्या जहाजाला पुरेल एवढं पाणी आहे, हे त्याला आकड्यांत दिसेल.